कोरी नव्हे, पुसलेली

मी एक डिस्क बोलतेय. पहिल्याच वाक्यात थाप मारली, माफ करा. मी डिस्क नाही. एका खऱ्याखुऱ्या डिस्कवर जागा अडवून बसलेली मी एक भलीमोठी फाईल आहे. पण माझ्यावर काम करणाऱ्या संगणकाला मी दोनशे जीबीची अख्खी डिस्क वाटते आणि मीही त्याला खुशाल तसं वाटू देते. आभासी डिस्क म्हणतात मला. अंगात खरं किती आहे, ते कृपया चारचौघांत विचारू नका.

माझा जन्म एका समुपदेशन केंद्रातला. दोन खोल्या, सहा खुर्च्या, एक कुरकुरणारं दार. तिथल्या साऱ्या नोंदी आधी माझ्या आईवर, म्हणजे माझ्याआधीच्या डिस्कवर, होत्या. एके दिवशी आईला कुलूप लागलं. आता हिच्यावर लिहायचं नाही, फक्त वाचायचं. मग तिच्यावर मला अंथरलं. नवं काही लिहिलं तर ते माझ्या पानांवर; जे माझ्याकडे नाही, ते आईकडून वाचायचं.

पहिला महिनाभर माझं एकच उत्तर असे, "आईला विचारा." मोठी झाले की सुधारेन, असं वाटलं होतं. अजूनही दहातल्या नऊ प्रश्नांना माझं तेच उत्तर असतं. एवढ्या घोडीला शोभतं का हे? पण ऐतं मिळत असताना हातपाय कोण हलवतं!

केंद्रात एक बाई यायची. नवऱ्याचं घर सोडून आली होती. तिचा नवा पत्ता आईवर नोंदलेला होता. माझ्या जन्मानंतर महिन्याभरात ती पुन्हा आली आणि केंद्र चालवणाऱ्या ताईंसमोर बसली.

"ताई, माझा पत्ता काढून टाका. माझ्या दिराची बदली तुमच्या मुख्य कार्यालयात झालीय."

ताईंनी 'पूर्ण पुसा' हे बटण दाबलं. आईला कुलूप असल्यानं ते पुसणं माझ्या वाट्याला आलं. पत्त्याच्या जागी माझ्या एका पानावर ओळीनं शून्यं लिहिली गेली. ताईंनी पडदा तिच्याकडे वळवला.

"बघा. काही नाही."

"परत नाही ना दिसणार?"

"नाही दिसणार. माझा शब्द आहे."

बाईनं डोळे पुसले. आणि मला मेलीला काय वाटलं, सांगू? अंगावर फुकटची चरबी चढली, असं वाटलं. नुसती शून्यं वागवायची म्हणजे काय! त्याआधीही अशी बरीच पानं पुसली गेली होती. बारीक होण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती.

मग मुख्य कार्यालयानं केंद्राच्या नोंदी मागवल्या. आईला आणि मला जोडून एकच नवी डिस्क करायची आणि ती दुपारी दोनपर्यंत पाठवायची, असं ठरलं. हे काम एका छोट्या कंपनीकडे आलं. तिथं दोनच माणसं, तीही नवरा-बायको. त्याचं नाव पडलं होतं 'झालंच', कारण काम सुरू करतानाच तो "झालंच!" म्हणायचा. ती 'पण', कारण तिचं दर दुसरं वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. दोघांच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या.

डिस्का जोडण्याचं त्यांचं अवजार, म्हणजे एक प्रोग्राम, आजवर एकूण एक पान नव्या डिस्कवर उतरवायचं. त्यात दिवस मोडायचा आणि नवी डिस्क फुगून बसायची. झालंचनं त्यात सहा ओळींचा बदल केला. लेकीच्या ज्या पानावर नुसती शून्यं, ते रिकामं समजायचं आणि सोडून द्यायचं. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

एकानं केलेला बदल दुसऱ्यानं वाचून "हो" म्हटल्याशिवाय घ्यायचा नाही, हा तिथला नियम. दुसरा नियम असा, की बदलाबद्दल जे काही विचारायचं ते लिहून आणि 'आपण' घालून विचारायचं. नाहीतर भांडण घरी जातं, असा दोघांचा अनुभव होता.

"बघ गं पटकन. सहाच ओळी आहेत."

"ठेव. बघते."

"बघण्यासारखं काही नाहीच. झालंच आहे."

मी मनापासून त्याच्या बाजूला होते. तिनं टंकलं, 'आपण रिकामं म्हणजे नेमकं काय धरलं आहे?'

दोन हातांवर बसलेल्या नवऱ्यानं उत्तर पाठवलं, 'आपल्या शंकेबद्दल आभार. ज्यात फक्त शून्यं, ते रिकामं.'

'पण ते कोरं आहे की पुसलेलं?'

झालंचनं खुर्ची गर्रकन वळवली. 'आपण' तिथंच संपलं. "अगं, फरक काय पडतो? दोन्हीकडे काही नाहीच ना!"

"फरक नाही? स्वयंपाकघरातल्या फळ्यावर मी 'बेल दुरुस्त करणे' लिहिलं होतं. सोमवारी ते पुसलेलं दिसलं. मला वाटलं, केली बाई एकदाची. काल माझी आई पंधरा मिनिटं दाराबाहेर उभी होती."

"आता बेलचा इथं काय संबंध?"

"लिहिलंच नव्हतं हे वेगळं आणि लिहून पुसलं हे वेगळं. पान कोरं दिसलं की तुझं अवजार आईला विचारायला जातं. पुसलेल्या पानासाठी जायचं नाही. तिथं लेकीनं सांगितलंय, काही नाही म्हणून."

"तुला सगळ्यात खोट दिसते."

तिनं एक चिमुकली आई-डिस्क केली आणि तिच्यावर लिहिलं, 'बेल दुरुस्त करणे'. वर एक चिमुकली लेक अंथरून तेच पान तिच्यावर पुसलं. मग त्याच्या सहा ओळी चालवून दोघींना जोडलं आणि जोडलेली डिस्क उघडली.

पडद्यावर आलं, 'बेल दुरुस्त करणे'.

झालंचनं खुर्ची तिच्या पडद्याजवळ ओढली. "केंद्राच्या डिस्कवर असं पुसलेलं काही असेल का गं?"

"आपल्याला काय माहीत? पण असेल, तर कुणीतरी मुद्दामच पुसलं असेल ना?"

मला माहीत होतं. मला अंग नाही, तरी अंगावर काटा आला. जिला मी चरबी समजत होते, ते माझं सगळ्यात कामाचं पान होतं. जन्मभर मी "आईला विचारा" म्हणत आले; फक्त अशा पुसलेल्या पानांवर मी आईचं तोंड झाकून बसले होते. आणि बारीक होण्याच्या नादात मी त्या बाईचा पत्ता तिच्या दिराच्या टेबलावर नेऊन ठेवणार होते. मला माझीच लाज वाटली.

पणनं लिहिलं, 'बदल स्वीकारता येत नाही.' झालंचनं वाद न घालता ताईंना फोन लावला. "ताई, दोनला नाही होणार. पाच वाजतील."

मग त्यानं ओळी बदलल्या. आता पुसलेल्या पानाच्या जागी पानभर शून्यांऐवजी एक छोटीशी खूण पडणार होती, 'पुसलेलं'. खूण दिसली की आईकडे जायचं नाही. पणनं पुन्हा चिमुकल्या मायलेकी जोडल्या. बेल दिसली नाही.

"हो," ती म्हणाली.

"मग झालंच?"

"पण बेल?"

पाचला ताई स्वतः आल्या. नवी डिस्क उघडून त्यांनी आधी त्या बाईच्या पत्त्याचं पान काढलं आणि तिथूनच तिला फोन लावला. "हो, मी स्वतः बघितलं. काही नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ताई हसल्या.

नवी डिस्क चांगली शेलाटी निघाली. मी होते तशीच ढोली राहिले. सारी मेहनत माझी आणि बांधा तिचा!

जोडणी झाली की जुन्या डिस्का पुसून टाकायच्या, असं ठरलेलं असतं. आज सकाळी आईला पुसलं. आता तिच्याकडे झाकण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी मी माझं ते पान पसरून बसलेय. सवय लागलीय. झालंच माझ्या नावावर येऊन थांबलाय आणि पाठीमागून 'पण' विचारतेय, "नक्की हीच ना? पण एकदा बघ." मला आवडते ती बाई.

माझी हरकत नाही. फक्त एक विनंती आहे. उद्या कुणी या जागेकडे पाहून विचारलं, तर ही कोरी होती असं म्हणू नका. पुसलेली आहे म्हणा.