वकिलाकडची नोकरी

आमच्या सासूबाईंना मुलाच्या नोकरीचं भारी कौतुक. माझे यजमान मुंबईत एका वकिलांकडे शिपाई. फायली उचलायच्या, चहा आणायचा. पण पालीच्या बाजारात सासूबाई ऐटीत सांगायच्या, "आमचा सखाराम कोरटात असतो."

शहाऐंशी साली मला तिसऱ्यांदा कळा सुरू झाल्या. पहिली दोन बाळंतपणं घरीच, धाकूआजीच्या हातून सुखरूप झाली होती. आता ती सुईण वारली होती, म्हणून रत्नागिरीचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं नि हसून म्हणाल्या, "सगळं छान आहे. दुपारपर्यंत मोकळी होशील."

माझा जीव भांड्यात पडला. महिन्यावर लावणी आली होती. ऑपरेशनचे टाके घेऊन भाताच्या चिखलात कोण वाकणार?

पण आपण खेड्यातल्या, म्हणून कुणी दुर्लक्ष करील, अशी सासूबाईंना धास्ती. त्या म्हणाल्या, "बाई, नीट बघा हां. माझा पोरगा मुंबयला मोठ्या वकिलाकडं हाय."

बाईंचं हसू गेलं. आयानं माझ्या कानात सांगितलं, की गेल्या साली इथे एक मूल दगावलं, घरच्यांनी दावा लावलाय, बाई अजून तारखांना जातात.

"ऑपरेशन करू," बाई म्हणाल्या.

"आत्ताच तर छान म्हणालात!"

"उद्या काही झालं तर तुम्हीच विचाराल, वेळेवर का नाही केलं."

"अहो, ते शिपाई आहेत! फायली उचलतात!" मी ओरडले.

बाईंनी सासूबाईंना विचारलं, "वकिलांशी ओळख आहे ना त्यांची?"

"वळख? घरच्यासारखा हाय तो!"

"आत्या, तुमच्या पाया पडते, गप बसा!" मी सासूबाईंना विनवलं. पण एवढी वर्षं मिरवलेलं त्या कशा मागे घेणार? त्यांनी कागदावर अंगठा उठवला. कळा जोरात येत होत्या, बाळ खाली सरकत होतं, मला कळत होतं. माझं कुणी ऐकलं नाही. मला इतका राग कधीच आला नव्हता.

मुलगी झाली. पुढच्या खेपेलाही बहुतेक ऑपरेशनच, असं बाईंनी बजावलं.

लावणीच्या दिवसांत सगळं घर शेतावर, मी खाटेवर. एका संध्याकाळी शेजारची मैना आली. तिला सातवा महिना होता. ओटीवर सासूबाई तिला सांगत होत्या, "दवाखान्यात आमच्या सखारामाचं नाव घे. सुनंदाकडं कसं धावत लक्ष दिलान, बघितलंस ना?"

"मैने, नको गं!" मी आतून हाक मारली. पण टाके ओढले, हाक ओटीपर्यंत पोचलीच नाही. उंबऱ्यापर्यंत पोचले तोवर मैना पायऱ्या उतरून गेली होती.