तणमोर, आठ हजार रोपं आणि मी

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या भिंगात बुरशीचा एक ठिपका आहे, गळ्यात अडकवायचा पट्टा दोनदा बदललेला आहे आणि मला राग फार लवकर येतो. मित्रांनो, दुर्बिणीला कसला राग, असं तुम्ही म्हणाल. पण लांबचं जवळ दाखवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्यासमोर माणसं नाकासमोरचंसुद्धा बघेनाशी झाली, तर तिनं काय करावं?

माझी भिंगं जपानमध्ये घासली गेली. पारोळ्याच्या इंदरचंद शेठनी मला मुंबईहून आणलं. त्यांचं कापडाचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी ते मला गळ्यात अडकवत, स्कूटर काढत आणि धाबेपिंपरीच्या कुरणावर येऊन बसत. लोक हसायचे. "शेठ, तिथं काय आहे? नुसतं गवत!" म्हणायचे.

त्या नुसत्या गवतात तणमोर राहायचा. नावात मोर असला तरी आकारानं कोंबडीएवढा. पावसाळ्यात नर काळाभोर होतो, कानामागे बारीक तुरे येतात. मग तो गवतातून ताडकन वर उडी मारतो, हवेत पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. दिवसभरात शेकडो वेळा. आजूबाजूच्या मादीला आपण दिसावं म्हणून बिचाऱ्याचा हा सगळा खटाटोप. शेठ प्रत्येक उडीला लहान मुलासारखे "अरे वा!" म्हणायचे.

पुढे कुरणं नांगरली गेली, मोकाट कुत्री वाढली आणि उड्या कमी होत गेल्या. एका पावसाळ्यात एकही दिसली नाही. शेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी कपाटात गेले. नऊ वर्षं मी साड्यांच्या रिकाम्या खोक्यांमागे पडून होते. तो बुरशीचा ठिपका तिथलाच.

मग हेमांगीताई आली. वनरक्षक म्हणून तिची नवी नेमणूक झाली होती. जुन्या पक्ष्यांची माहिती शेठकडे मिळेल, असं कोणीतरी सांगितलं म्हणून ती दुकानात आली. शेठ दोन तास बोलले. उठताना त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. "बेटा, हिला कपाटात ठेवू नको. मी ठेवली, ती चूक झाली."

पहिल्याच श्रावणात हेमांगीताईनं कुरणावर माझ्यातून पाहिलं. काळी उडी! मग आणखी एक. आठवड्याभरात तिनं दोन नर नोंदवले. तिनं अहवाल पाठवला आणि तणमोर वाचवण्यासाठी चक्क एक समिती नेमली गेली. मला वाटलं, आता दिवस पालटले.

मित्रांनो, वर्षभरात मी तीन बैठकांना गेले. पहिल्या बैठकीत समितीचं नाव काय असावं, यावरच दुपार झाली. दुसऱ्या बैठकीत आराखड्याच्या मुखपृष्ठावर साध्या मोराचा फोटो होता. हेमांगीताईनं ते दाखवून दिलं, तर समितीचे अध्यक्ष भाईदास साहेब म्हणाले, "मोर तर मोर. लोकांना समजल्याशी मतलब." तिसरी बैठक थेट पुढच्या श्रावणात झाली. तीत आराखडा वाटला गेला आणि त्यात लिहिलं होतं: धाबेपिंपरी कुरणावर आठ हजार रोपांची लागवड.

हेमांगीताई उभी राहिली. "साहेब, तणमोराला झाडं नकोत. त्याला गवत लागतं. झाडं वाढली तर त्याची उडी दिसणार नाही. झाडावर कावळे बसतील, शिकरे बसतील, अंडी-पिल्लं खातील. आपण फक्त एवढंच लिहू, की गवताची कापणी दसऱ्यानंतर करावी. तोवर पिल्लं मोठी होतात."

"झाडांना विरोध करणारी वनरक्षक मी पहिल्यांदाच बघतोय," भाईदास साहेब म्हणाले. हॉलमध्ये हशा पिकला.

"तुम्ही एकदा कुरणावर या."

"येऊ की. आधी आराखडा मंजूर होऊ द्या."

ताईच्या छातीवर लटकून मी तिचं काळीज धडधडताना ऐकत होते.  परतीच्या बसमधून पारोळ्याला उतरल्यावर ती घरी गेली नाही, थेट धाबेपिंपरीला गेली.

तिथल्या तोताराम आबांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. कुरणाची कापणी कधी सुरू करायची, हे तेच ठरवत. ताईनं त्यांना दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं, तर आबा उखडले.

"पहिले एक साहेब उना, म्हने ढोरं चारू नका. मंग दुसरा उना, म्हने गवत कापू नका. आते तू म्हनस, थांबा. मंग आम्हनी ढोरं काय खातीन, तुना कागद?"

"आबा, बठ्ठं कुरण नको. फक्त नाल्याकडची पट्टी. तिकडे मादी बसलीय. तुम्ही एकदा स्वतः बघा, मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी आबा आले. आधी त्यांनी मला उलटी धरली. मग सरळ धरून उजवा डोळा मिटला आणि बुरशीचा ठिपका बघत बसले. "काहीच नही शे," म्हणाले. ताईनं त्यांना दोन्ही डोळे उघडायला सांगितलं. अर्धा तास गेला. एकदम गवतातून एक काळी उडी उठली.

"अय ताई! हाऊ तं तोच शे! मी लहान व्हतू तव्हय बापनी माले दखाडेल व्हता!" मग बराच वेळ त्यांनी मला सोडलंच नाही. शेवटी म्हणाले, "नाल्याकडनी पट्टी शेवटले कापसूत. मी सांगस गावले."

जे समितीला तीन बैठकांत जमलं नाही, ते तिथं अर्ध्या तासात झालं.

पण इकडे आराखडा मंजूर झाला. एरवी जूनमध्ये खणतात ते खड्डे खणायला भाद्रपदात जेसीबी आला. मादी अंड्यांवर बसलेली होती. ताई धावत पोहोचली, तोवर नऊ खड्डे झाले होते. चालक नवल भला माणूस होता. "मॅडम, मला थांबायला सांगा, थांबतो. पण फोनवर साहेबांनी सांगायला पाहिजे."

ताईनं भाईदास साहेबांना फोन लावला. "साहेब, मादीपासून दोनशे पावलांवर जेसीबी उभा आहे."

"आराखडा मंजूर आहे, मॅडम."

"तणमोर वाचवायचाच आराखडा आहे ना, साहेब?"

"हो, म्हणून तर झाडं लावतोय!"

ताईनं फोन बंद केला. मला तर त्या फोनवर आपटून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात तोताराम आबांनी आपली बैलगाडी आणून जेसीबीच्या पुढ्यात आडवी लावली. बैल सोडले आणि स्वतः जुवावर बसले.

"आबा, गाडी काढा ना," नवल म्हणाला.

"मना बैल थकी गयात. तुना साहेबले सांग, आबा बी थकी गया."

तासाभरात निम्मं गाव तिथं जमलं. साहेबांना यावंच लागलं. पॅन्टला कुसळं चिकटली होती, चेहरा आंबट झाला होता. हेमांगीताईनं वाद घातला नाही. तिनं मला काढून त्यांच्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाली, "फक्त बसा, साहेब."

साहेब बसले. दहा मिनिटांनी घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी उठायला लागले, तर आबांनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. मग नाल्याकडचं गवत हललं. करड्या-पिवळ्या ठिपक्यांची मादी बाहेर आली, मान उंच करून यंत्राकडे बघत राहिली. ती निघून जाते की काय, या भीतीनं कोणी हललं नाही. मग ती हळूच मागं वळली आणि जिथून आली होती, तिथंच गवतात खाली बसली.

"एवढी लहान असते?" साहेब पुटपुटले. तीन बैठका चालवलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न होता.

ते उठून खड्ड्यांपाशी गेले. मग त्यांनी नवलला खड्डे हातानं बुजवायला सांगितलं आणि जीपच्या बॉनेटवर आराखडा ठेवून लागवडीचं पान खोडलं. त्याच्या समासात लिहिलं: कापणी दसऱ्यानंतर, गावाला विचारून.

तीन अंड्यांपैकी एक कुत्र्यांनी नेलं. दोन पिल्लं निघाली. आश्विनात ती आईच्या मागे गवतात शिरताना मी स्वतः पाहिली. दोन म्हणजे फार नाहीत, मला माहीत आहे. रोपांच्या नादात एकही उरलं नसतं, हेही मला माहीत आहे.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडानं पुसा, मला कोरड्या जागी ठेवा, पण कपाटात कोंडू नका. आणि कोणाचं भलं करायला निघालात, तर आधी त्याच्या दारात जाऊन बसा. त्याला काय लागतं, ते बघा. बघायला दुर्बीण नसली तरी चालतं. अर्धा तास मात्र द्यावा लागतो.