पहारेकऱ्याचं पडणं

पुतणी सोफ्यावर मांडी घालून गेम खेळत होती आणि काकू शेजारी मटार सोलत बसली होती. हात मटारात, एक डोळा टीव्हीवर. पडद्यावरचा पहारेकरी गोळी लागून गच्चीवरून कोसळला, हवेतच अर्धवट वळला, डाव्या हाताने काहीतरी चाचपलं आणि धाडकन आपटला. मग तळहाताने जमिनीवर तीनदा थापटलं.

काकूच्या मांडीवरचं पातेलं कलंडलं. मटार सोफ्याखाली गडगडत गेले.

"हा कोण गं?"

"कोणी नाही गं काकू, साधा पहारेकरी. सगळे याला मुद्दाम मारतात. मरताना थापा मारतो ना, जाम हसू येतं."

हसू येतं म्हणे! हसणाऱ्यांच्या बापाचं काय जातंय? काका असल्याच गेमांसाठी पडायचं काम करायचे. अंगाला घट्ट पोशाख, त्यावर जागोजागी चिकटवलेले चकाकणारे गोळे. चेहरा नको, आवाज नको, कॅमेऱ्यांना हवी फक्त हालचाल. पडून झालं की दोन थापा म्हणजे मी ठीक आहे, तीन म्हणजे हात लावू नका, डॉक्टर बोलवा. तीन त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच मारल्या. खालची गादी सरकलेली होती. त्या दिवशी काकू त्यांना घरी न्यायला आली होती, काचेपलीकडून तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून काकांचं कमरेखाली काही हलत नाही.

कंपनीने सरळ कानांवर हात ठेवले. त्या दिवशी रेकॉर्डिंग झालंच नाही, घरी जिन्यावरून पडले असतील, म्हणाले. काकूने सगळीकडचे उंबरठे झिजवले, पण जो तो म्हणे, बायकोच ती, नवऱ्याचीच बाजू घेणार. मेल्यांनी तिला चारचौघांत खोटारडी ठरवलं. ते तिच्या जिवाला लागलं होतं.

तिने हे सांगितलं तेव्हा पुतणीचा चेहरा खर्रकन उतरला. दोघींनी टीव्ही उचलून आतल्या खोलीत नेला, काकांच्या पाठीशी उशा लावल्या, आणि पुतणीने खाली मान घालून पहारेकऱ्याला गोळी घातली.

"तुम्हीच ना?" काकूने विचारलं.

"मीच. दुसऱ्या कोणाची बिशाद आहे असं पडायची?"

"उद्याच वकिलाकडे जाते. आता बघते कसे नाही म्हणतात ते. नाक घासत येतील!"

"पुन्हा दाखव गं," काका पुतणीला म्हणाले.

पहारेकरी गच्चीवर परत हजर झाला. बंदूक खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालू लागला. चालही काकांचीच, उजवा खांदा जरासा खाली. काका त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"तक्रार केली तर याला काढून टाकतील का?"

"काढतील," पुतणी चाचरत म्हणाली. "एक अपडेट आला की गेला."

"मग नको."

"नको?" काकूचा आवाज चढला. "अहो, मला जगासमोर खोटं पाडलं त्यांनी!"

"ठाऊक आहे मला. पण तो उठतो गं. बघितलंस ना? मरतो, आणि उठून चालायला लागतो. राहू दे तेवढा."

"आणि मी? तुम्हाला रोज या कुशीवरून त्या कुशीवर करते, ती मी कोणीच नाही?"

पुतणीला तिथे बसवेना. काकूच्या हातात कंट्रोलर देऊन, कुठलं बटण दाबायचं ते दाखवून ती मटार गोळा करायला बाहेर निघून गेली.

"तू मार," काका हळूच म्हणाले. "एकदाच."

काकूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दातओठ खाऊन तिने बटण दाबलं. पहारेकरी कोसळला, वळला, चाचपडला. थापा मारल्या. काका तोंडभर हसले. असं हसलेलं तिने त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"उठला बघ," ते म्हणाले.

काकूने पुन्हा नेम धरला.