रिकाम्या वाहिनीवरची लाट

टेकडीपलीकडच्या कोसंबटोला या वस्तीवर मोबाइलची रेंज कधी पोचली नव्हती. तरीही परवा पुनाजी मडावीच्या छपरावर प्रभाकररावांनी अँटेना बसवला आणि आर्वीहून इंटरनेट आले. टीव्हीचे जुने प्रक्षेपण बंद पडल्यापासून हवेत ज्या वाहिन्या रिकाम्या होत्या, त्यांतल्याच एकीवरून ते येत होते. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या प्रभाकररावांकडे या चाचणीची देखरेख होती.

आज ते फेरीला आले तेव्हा पुनाजीच्या घरातल्या यंत्रावरचा हिरवा दिवा विझलेला होता आणि पुनाजीची मुलगी स्वीटी रडकुंडीला आली होती.

"सर, नर्सिंगची सीट आज संध्याकाळलोक कन्फर्म नाई केली तं दुसऱ्याले जाते."

"मी म्हणतच होती, आर्वीले जाय," तिची आई सुंदरा करवादली. "हवेतल्या नेटाच्या भरवशावर बसली! आता एसटी बी निघून गेली."

प्रभाकररावांनी घाई केली नाही. वीज पाहिली, केबल पाहिली, जोड उघडून पुन्हा बसवला. आर्वीतल्या एका गच्चीवरचे, इंटरनेट सोडणारे यंत्र ते येतानाच तपासून आले होते. उरले छप्पर. शिडी चढून पाहतात तो अँटेन्याचे तोंड आर्वीकडेच, पण त्याच्या उभ्या काड्या साऱ्या आडव्या.

"पुनाजी, वर कोणी चढले होते का?"

"मीच ना जी!" पुनाजी खालून अभिमानाने म्हणाला. "हवेनं तुमच्या काड्या उभ्या होऊन गेलत्या. सकाळीच आडव्या करून तारेनं आवळल्या. जवानीत अख्ख्या टोल्याचे टीव्ही म्याच लावले."

"घ्या! इंजिनेर घरातच होता," सुंदरा म्हणाली.

प्रभाकररावांना हसू आवरेना. "टीव्हीपुरते तुमचे बरोबर होते, पुनाजी. ती लाट आडवी डोलायची, ही उभी डोलते. आडव्या काडीला ती नीट सापडत नाही."

त्यांनी तार सोडून काड्या उभ्या केल्या. खालून स्वीटी ओरडली, "लागला, सर! हिरवा!"

शिडीवरच ते थबकले. नोकरीभर ही लाट त्यांनी खडूने फळ्यावर काढली होती. आकडेमोड तोंडपाठ होती. पण समोर आर्वीपर्यंत पसरलेले सागाचे रान पाहताना अंगावर काटा आला. मधे तार नव्हती, खांब नव्हता. एकही पान न हलवता, त्या साऱ्या हिरव्या गर्दीतून एका मुलीचे नाव तिकडे निघाले होते.

"एवढ्या झाडांतून येते ही लाट," म्हणत ते खाली उतरले. कॉलेजच्या प्रवेशाचे पान हळूहळू उघडत होते. स्वीटीचा अंगठा मोबाइलवर अधांतरी थांबला होता.

पुनाजीने आवाज अगदी खाली आणला. "सर, ते लाट झाडातून येऊन राह्यली म्हणता. मंग आपल्या आंगातूनबी जाते काय?"

"जाते, पुनाजी."

पुनाजीने आर्वीच्या दिशेकडे पाहिले, मग छपराकडे. चपला हातात घेऊन तो हलक्या पावलांनी भिंतीकडे सरकला आणि सुंदरेचा हात धरून तिलाही त्याने ओढले.

"पोरीचं कॉलेज येऊन राह्यलं, मधात काऊन उभी हायेस?"

मधे कोणी उभे राहिल्याने काही अडत नाही, हे प्रभाकररावांना पुरते ठाऊक होते. तरीही ते स्वतः दोन पावले बाजूला झाले.

"झालं, बाबा," स्वीटी म्हणाली.

अंगणाचा मधला भाग मात्र बराच वेळ तसाच मोकळा राहिला.