पुसायची राहिलेली खूण

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लांबी एक मीटर बावीस सेंटिमीटर, रुंदी दहा सेंटिमीटर, वजन तुमच्या भरलेल्या दप्तराएवढे. मला पाहून कुणी थबकणार नाही, हे मला मान्य आहे. पण तुम्ही लांब उडीची स्पर्धा कधी पाहिली असेल, तर माझ्यासारखी एखादी तिथे नक्की होती. उडी मारणारा धावत येतो, एका पांढऱ्या फळीवर पाय देतो आणि वाळूच्या हौदाकडे झेपावतो. त्या पांढऱ्या फळीला खेटून, हौदाच्या बाजूला, जमिनीतल्या खाचेत मी पडलेली असे. माझ्या अंगावर मऊ मातीचा थर असतो. शाळेत तुम्ही ज्या रंगीत मातीचे हत्ती आणि ससे करता, तीच ही माती. पाय पांढऱ्या फळीच्या जरा जरी पुढे सरकला, तर माझ्यावर खूण उमटते. खूण उमटली की लाल झेंडा. मग उडी कितीही लांब असो, ती फाउल, म्हणजे बाद.

आता यातली अडचण तुमच्या लक्षात आली असेल. चांगल्या उडीने मला कधी स्पर्शच केला नाही. माझी ओळख झाली ती फक्त चुकलेल्या पायांशी, आणि तीही एका सेकंदाच्या आठव्या भागापुरती.

मला मास्तरांनी घडवले. ते एका शाळेत सुतारकाम शिकवत. दरवर्षी थंडीत देशाची बंदिस्त मैदानी स्पर्धा एका मोठ्या क्रीडागृहात भरे. छताखाली धावायचा लहान गोल मार्ग आणि त्याच्या पोटात उड्या आणि गोळाफेक. तिथे मास्तर लांब उडीचे पंच असत. बाजारातल्या फळ्या वाकतात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी एका चांगल्या वाळलेल्या लाकडातून दोन फळ्या कापल्या. एक मी, एक माझी बहीण. मास्तरांनी आमच्या कडा इतक्या वेळा घासल्या की त्यांची बायको म्हणाली, लग्नात मला एवढं निरखलं नव्हतं. हे मास्तरच सगळ्यांना हसत सांगत.

एक खाचेत असली की दुसरी मास्तरांच्या टेबलावर. फाउल झाला की ते मला उचलत, बहिणीला खाचेत बसवत आणि पातळ पत्र्याच्या पट्टीने माझी माती सपाट करत. मग पट्टीला लागलेली माती एका फडक्याला पुसून फडक्याची घडी घालत. पुढच्या फाउलला आमची अदलाबदल होई. त्यामुळे आम्हा बहिणींची गाठ फक्त त्या अदलाबदलीत पडे, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात मी. मग एका वर्षी लोखंडी वजनांची गाडी तिच्यावरून गेली आणि ती उभी चिरली. मास्तरांनी तिला घरी नेले. तिचे पुढे काय झाले, मला कळले नाही. त्यानंतर खाचेत मी एकटीच राहू लागले आणि मास्तर मला गुडघ्यांवर बसून जागच्या जागी सपाट करू लागले.

सव्वीस वर्षांत मी किती विक्रम पाहिले, असे तुम्ही विचाराल. एकही नाही. मी उताणी पडलेली असे. मला दिसायचे ते छताचे लोखंडी आडवे खांब, दिवे आणि वरून जाणारे तळवे. बाकी सगळे मला जमिनीतून कळे. गोळा पडला की थरथर येई, आणि तिच्या जोरावरून तो कुणाचा ते मी ओळखू लागले होते. साठ मीटरची शर्यत म्हणजे सात सेकंदांची खडखड आणि मग आरडाओरडा. एकदा दोन मुली एकाच क्षणी पोचल्या आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाने एक जिंकली. मला दोघींची पावले शेवटपर्यंत एकच वाटली होती. एका माणसाने आठ मीटर पाच सेंटिमीटर उडी मारली, तेव्हा त्याच्या बुटाखालची हवा माझ्यावरून गेली. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. माझ्या वाट्याला ती हवा आली.

मास्तरांचेही तसेच होते, हे मला हळूहळू कळले. ते माझ्याशेजारी खुर्चीवर बसत, एका हातात पांढरा झेंडा, दुसऱ्यात लाल. पाय कुठे पडतो ते पाहायचे, एवढेच त्यांचे काम. उडी कुठे संपली ते पाहायला नजर उचलली, की पायाची खूण हुकलीच समजा. म्हणून ते नजर उचलत नसत. त्यांच्या पाठीमागे विक्रम होत, आणि ते घरी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचत.

आता टपालवालीबद्दल सांगते. ती खरोखरच टपाल वाटायची. सहा वर्षे ती स्पर्धेला येत होती आणि तिच्याइतक्या खुणा माझ्यावर दुसऱ्या कुणाच्या नसतील. वेग मोठा, उडी उंच, पण पाय दोन-तीन सेंटिमीटर पुढे. इतर मुली तिला लाल झेंडा म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. तीही हसून म्हणे, मला लांबून बघूनच मास्तरांचा हात वर जातो. पण फाउल झाल्यावर ती खाली वाकून माझ्याकडे पाहायची आणि मला तिचा चेहरा दिसायचा. त्यात हसू नसायचे.

तिचा मोठा भाऊ तिला शिकवायचा. तो कठड्याला टेकून उभा असायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. शेवटच्या वर्षी त्या दोघांचे बोलणे मी ऐकले. स्पर्धेत पहिल्या दोघींना राष्ट्रीय संघात घेणार होते. संघात निवड झाली तर टपाल खाते तिला सरावासाठी रजा देणार होते. नाही झाली तर सराव बंद, असे तिने घरी कबूल केले होते. भाऊ म्हणाला, सहा वर्षं तू पाकिटं बरोबर पेटीत टाकतेस, एक पाय जागेवर टाकता येत नाही? ती म्हणाली, दादा, पाकिटाला पळत जाऊन टाकावं लागत नाही.

शेवटची फेरी आली. पहिल्या मुलीची उडी होती सहा मीटर चौतीस, दुसरीची सहा एकवीस, तिसरीची सहा पंधरा. टपालवाली सहा बारावर चौथी. संघात जायला तिला सहा बावीस हवे होते. शेवटच्या फेरीत मागचा क्रमांक आधी उडी मारतो. म्हणून तिच्या आधी पाचव्या क्रमांकाची मुलगी धावली, आणि तिचा पाय पुढे पडला. माझ्या मातीत बुटाच्या खिळ्यांची तीन भोके आणि चवड्याची एक कड उमटली. लाल झेंडा. मास्तर गुडघ्यांवर आले. पत्र्याची पट्टी त्यांनी हातात घेतली.

त्याच वेळी क्रीडागृहाच्या दुसऱ्या टोकाला बांबूउडी चालली होती. एक मुलगा राष्ट्रीय विक्रमाच्या उंचीवर तिसऱ्यांदा प्रयत्न करत होता. दोनदा आडवी काठी पडली होती. सगळे लोक एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागले. जमीन इतकी थरथरत होती की मला स्वतःचे वजन कळेना. आणि मास्तरांनी मान वर केली.

मित्रांनो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांचा चेहरा खालून पाहत होते. त्यांचे तोंड लहान मुलासारखे उघडे राहिले. मुलगा वर गेला असणार, कारण मास्तरांची नजर वर गेली, थांबली, आणि मग सगळे क्रीडागृह एकदम ओरडले. मास्तर उठून उभे राहिले. पट्टी हातात धरूनच त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सवयीने खुर्चीवर बसले आणि सवयीनेच पुढच्या उडीसाठी इशारा केला.

खूण माझ्यावर तशीच होती. मी ओरडू शकत नव्हते.

टपालवाली धावली. तिची पावले मी सहा वर्षे ओळखत होते, पण ही वेगळी होती. शेवटची तीन पावले घाई न करता पडली. तिचा पाय पांढऱ्या फळीवर पडला तो माझ्यापासून चार सेंटिमीटर मागे. मग ती हवा आली, आणि वाळूचा आवाज फार उशिरा आला. कठड्यावरचा भाऊ गप्प झालेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. खूण होती. त्यांनी लाल झेंडा उचलला.

फाउल झाला की उडी मोजत नाहीत. वाळूपाशी बसलेल्या दोघांनी लगेच दाताळे फिरवले. भाऊ ओरडला, वाळूला हात लावू नका. तोवर वाळू सपाट झाली होती. टपालवाली परत आली आणि सरळ म्हणाली की ती मागे होती. मुख्य पंच असलेल्या बाई आल्या. त्या खाली वाकल्या, त्यांनी खूण पाहिली, तिच्या बुटाचा तळवा पाहिला. आधीच्या मुलीचे आणि हिचे बूट एकाच बनावटीचे होते, खिळे तेच, पायही तोच. बाई हळूच म्हणाल्या की खूण समोर दिसते आहे, त्यांना काही करता येणार नाही. आजूबाजूच्या मुलींपैकी कुणीतरी हसले.

मास्तर मला सपाट करायला खाली बसले. हातातली पट्टी त्यांनी मातीला लावली आणि ते थांबले. पट्टी कोरडी, स्वच्छ होती. त्यांनी खिशातले फडके काढले. फडक्याची घडी त्यांनी पाचव्या मुलीच्या उडीआधी घातली होती तशीच होती. तिच्या फाउलची माती त्यावर नव्हती.

त्या क्षणी सगळे त्यांच्या एकट्याच्या हातात होते. कॅमेरा नव्हता. दुसरे कुणी पाहिले नव्हते. पट्टी एकदा फिरवली असती, तर खूणही गेली असती आणि प्रश्नही.

मास्तर उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, ही खूण हिची नाही. आधीच्या उडीची आहे. मी पुसली नाही. मी तिकडे बघत होतो."

मग पंचबाईंनी निर्णय दिला. गेलेली उडी मोजता येणार नाही, तिच्याऐवजी एक उडी पुन्हा. दहा मिनिटांची विश्रांती.

मास्तरांनी मला सपाट केले. आधी एकदा, मग पुन्हा, मग उगाचच तिसऱ्यांदा.

टपालवाली पुन्हा धावली. पण आता तिच्या डोक्यात लाल झेंडा होता. शेवटचे पाऊल तिने आखडून घेतले आणि माझ्यापासून अकरा सेंटिमीटर मागून उडाली. पांढरा झेंडा. सहा मीटर एकोणीस. तिच्यानंतरच्या तिघींच्या उड्या वाढल्या नाहीत, आणि ती तिसरी आली. हिशोब तुम्हीच करा: उडी पांढऱ्या फळीच्या पुढच्या कडेपासून मोजतात, आणि ती कड तिच्यापुढे अकरा सेंटिमीटर होती. आधीसारखी चारवर असती, तर तीच उडी सहा सव्वीस झाली असती.

भाऊ कठडा ओलांडून आला. त्याने आवाज चढवला नाही. "मास्तर, तुमच्या खरेपणाचं आम्ही काय करायचं? तुम्ही फाउलच म्हणाला असतात, तर मी चार शिव्या देऊन झोपलो असतो. आता ही जन्मभर त्या वाळूचा विचार करत बसणार."

उत्तर तिने दिले. "दादा, तू जा, बसमध्ये जागा धर. निदान तिथं तरी आपला नंबर लागू दे." तो गेला. मग ती मास्तरांशेजारी जमिनीवर बसली आणि तिने विचारले, ती उडी किती असेल.

"मी पाहिली नाही गं पोरी. माझी नजर इथं असते."

"मग मी कुठं होते, ते तर पाहिलंत?"

"खूण दिसली आणि पाय विसरलो. आता आठवतो. दोन बोटं मागे होतीस."

तिने आपली दोन बोटे पांढऱ्या फळीवर, माझ्या कडेला टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "सहा वर्षं मला वाटायचं, माझा पायच खोटा आहे," ती म्हणाली. मग तिने बूट काढून पिशवीत टाकले, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि मोज्यांवरच निघून गेली.

मास्तरांनी त्या दिवशीच्या अहवालात आपली चूक स्वतःच्या अक्षरात तीन ओळींत लिहिली. त्या तीन ओळी वाचून वरच्या लोकांनी ठरवले की माणसाच्या डोळ्यांवर आणि मातीवर आता विसंबायचे नाही. पुढच्या वर्षी माझ्या जागी कॅमेरा आला. निर्णय बरोबरच होता. कॅमेरा टाळ्या वाजवायला उठत नाही. मास्तर पुन्हा आले नाहीत. मला कोठीत, शर्यतीच्या पडलेल्या अडथळ्यांच्या मागे ठेवले.

स्पर्धा अजूनही भरते. भिंतीपलीकडे कर्ण्यावरून नावे पुकारतात आणि मी लांब उडीची नावे नीट ऐकते. तिचे नाव आलेले नाही. तिने सराव सोडला, की दुसरीकडे कुठे उड्या मारते, मला ठाऊक नाही. जमिनीतून मला एवढे लांबचे कळत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी ना कधी कुणाच्या तरी पायाकडे पाहायला बसाल. वर्गात, खेळात, घरी. तेव्हा एवढेच करा. पुढचा धावण्याआधी मागच्याची खूण पुसली का, ते बघा. आणि नाही पुसली, तर तसे सांगा. उशीर झाला असला तरी सांगा. त्याने उडी परत येत नाही, पण कुणीतरी आपला पाय खरा होता हे समजून घरी जाते.

आणि एक मागणे माझ्यापुरते. कोठीत कुणीतरी माझ्यावर एक पेटी ठेवली होती. ती नेली, पण तिच्या कोपऱ्याचा खड्डा माझ्या मातीत राहिला आहे. ही तेलाची माती आहे, ती वाळत नाही, फक्त थंडीत घट्ट होते. तुमच्यापैकी कुणी त्या कोठीत आले, तर अंगठा थोडा वेळ त्यावर दाबून धरा आणि तो खड्डा पुसा. हाताच्या उबेने ती अजूनही मऊ होते.