पल्याडचं लुगडं

अल्याड

ठकीने पायरीवरचं कोरडं लुगडं उचललं, मासळीच्या पाटीवर टाकलं आणि तळ्याच्या बांधावरून चालू लागली.

"अगं माय, कुठं निघालीस?" कमरेइतक्या पाण्यातून सोजराबाई ओरडली. "थंडी वाजायली मला!"

"पल्याड ठेवते. पवून ये न् घे."

"आणि न्हाई आले तर?"

"मंग जा वल्या अंगानं कॅम्पात. मुकादम बगंल."

सोजराबाईने तिच्या गावाकडची एक शिवी घातली, कमरेचे दोन वाळके भोपळे चाचपले आणि पाय उचलले.

मधे

घागर, शेवाळ, घसरलेला पाय, सोजराबाईचा डावा खांदा. दसऱ्यापासून तो हात कानाच्या वर जात नव्हता. तिचा बुचडा नवरा बांधायचा, पंढरी. कासऱ्याला मारावी तशी गाठ मारायचा. कॅम्पातल्या बाया हसायच्या.

अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ती घमेली वाहायची. मुकादमाने संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. घमेलं डोक्यावर चढलं तर काम, नाहीतर परत मराठवाड्यात. पालघरच्या डॉक्टरने सांगितलं होतं: पोहायला शिक. रोज. एक दिवस चुकवू नकोस.

चाळिशीची बाई. तिच्या गावच्या विहिरीत वाकलं की तळाचा दगड दिसायचा. पोहायला शिकवणार कोण? चिंचणीहून कॅम्पात मासळी विकायला ठकी यायची. समुद्राकाठची बाई, तिला येत असणारच.

"बेडकावानी पाय मार गो! हात वल्ह्यावानी!"

काठावरून ठकी ओरडे. सोजराबाईला ताप येऊन गेला, तरी लुगडं पल्याड. पौषाचा गारठा पडला, तरी पल्याड. शिव्या संपल्या, सोजराबाई संपली नाही.

अजून मधेच

दोरी सुटली.

भोपळे एकीकडे, सोजराबाई दुसरीकडे. नाकात पाणी. घोट. आणखी एक घोट. ठकी किंचाळत धावली, गुडघाभर पाण्यात आली आणि तिथेच थांबली.

"ये की! अगं, ये!"

ठकी येईना.

मग पाय. मग हात. उजवा. डावा. डावा. पुन्हा डावा.

काठाला लागून सोजराबाई ओकली. तोंड पुसलं आणि ठकीकडे बघितलं.

"तू आली न्हाईस."

"मला कुटं पवता येतं?" ठकी रडत होती. "दर्यात आमचे बाप्ये जातात. आमी मासली इकतो."

"मग एवढे दिवस कामून शिकवलंस?"

"तू इचारलंस कुटं? पोरांना बगितलंय पवताना, तसं सांगत गेले. नाय म्हनले असते, तर तू पान्यात उतरली असतीस?"

सोजराबाईने लुगडं खांद्यावर टाकलं. तरंगत काठाशी आलेले भोपळे उचलले आणि मागे न बघता निघून गेली.

पल्याड

दुसऱ्या दिवशी ठकी तळं टाळून कुंभवलीच्या वाटेने जाणार होती. पाय तळ्याकडेच वळले.

अल्याड कोणी नव्हतं. मग तिला समोरच्या बांधावर लुगडं दिसलं. कोरडं, घडी घातलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. कोणीतरी बांधाला वळसा घालून तिकडे ठेवून आलं होतं.

पाण्याच्या मधोमध एक डोकं होतं. भोपळे नव्हते.

डोकं पल्याड जाऊन पोचलं, बांधाला हात लावून परत फिरलं. ठकी पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. कोळंबीचं पाणी मानेवरून ओघळत होतं, तिने पुसलं नाही.

सोजराबाई ओल्या अंगानेच अल्याडच्या पायरीवर आली. केस पिळले, दोन्ही हात मागे नेले आणि बुचडा बांधला. सैल झाला. सोडून पुन्हा बांधला.

"हात बरा झाला गो," ठकी हळूच म्हणाली. "आता कशाला येशील?"

सोजराबाईने पायरीकडे बोट केलं. तिथे दोन भोपळे होते. दोरी नवी होती, गाठ कासऱ्याची.

"उद्या येताना कोरडं लुगडं आण," ती म्हणाली. "पल्याड ठेवायचं मी बघते."

ठकीने पाटी खाली ठेवली. एक भोपळा उचलून कानाशी हलवला. आत बिया वाजल्या.