तेजश्रीचा अर्धा सेंटिमीटर

मी वाढीचा जनुक बोलतोय. तेजश्रीच्या बाराव्या गुणसूत्रावर माझी जागा. तुमच्यातही मी आहेच, पण तुम्ही कधी माझी चौकशी केली नसेल. गेल्या आठवड्यात मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही, म्हणून सांगून टाकतो.

माझी एक प्रत तिला वडिलांकडून, हरिदासकडून मिळाली, एक आईकडून, मीनाबाईकडून. तिच्या पेशीपेशीत मी आहे, पण माझं मोठं काम यकृतात. मेंदूकडून निरोप आला की तिथल्या पेशी मला वाचतात आणि माझ्यात लिहिल्याप्रमाणे एक प्रथिन बनवतात. ते रक्तातून हाडांच्या टोकांपर्यंत जातं आणि तिथल्या पेशींना सांगतं, एकीच्या दोन व्हा. पेशी वाढल्या की हाड लांब होतं. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत मीनाबाई लेकीच्या फ्रॉकची शिवण उसवून दुमड खाली सोडायची, तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. कुणी माझं नाव घेत नव्हतं, ते सोडा.

सोळाव्या वर्षी हाडांची टोकं मिटली. असं सगळ्यांचंच होतं. तेव्हापासून मी मोडतोड दुरुस्त करतो, जखमा भरतो. काम पेशी वाढवायचंच, पण उंची आता माझ्या हातात नाही.

हे तेजश्रीला कोण सांगणार? पोलीस भरतीला एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागतात. ती पळण्यात पहिली, गोळाफेकीत पहिली, आणि मागच्या वर्षी अर्ध्या सेंटिमीटरसाठी घरी परतली. मग उंची वाढावी म्हणून वर्षभर बारला लोंबकळली, अंडी खाल्ली, कसली कसली पावडर प्यायली. मी आतल्या आत कळवळत होतो.

शेवटी सरावाच्या मैदानावर कुणीतरी तिला युक्ती सांगितली. डोक्यावर टेंगूळ आलं की अर्धा सेंटिमीटर मिळतो म्हणे. मोजणीच्या सकाळी मीनाबाई नळावर गेलेली बघून तिनं लाटणं टॉवेलात गुंडाळलं आणि वडिलांपुढं धरलं. टॉवेल हरिदासनंच कारखान्यात मागावर विणलेला.

"पप्पा, मारा की. लई वेळ न्हाय."

"माज्या हातानं?"

"मग कुणाच्या? दुसऱ्यानं मारलं तर लागंल की."

या माणसानं तिला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि मारलं.

मी हादरलो. तेवीस वर्षांत तिचं पडणं, भाजणं, सायकलवरून घसरणं सगळं निस्तरलं होतं. पण वाढायचं म्हणून मार मागून घेणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. शुद्धीवर आलो तसा लगेच कामाला लागलो.

ती मैदानावर पोचली तर अवकाळी पावसानं चिखल झालेला. मोजणी तीन दिवस पुढं गेली. मीनाबाईला सांगितलं, दाराची चौकट लागली. चौथ्या दिवशी तेजश्रीला जाग यायच्या आत हरिदास सायकल काढून एमआयडीसीत कामावर निघून गेला. त्याला पुन्हा हात उचलायचा नव्हता. तिनं डोकं चाचपलं, थोडं आहे अजून, अशी स्वतःची समजूत घातली आणि गेली. मोजणाऱ्यानं आकडा सांगितला, एकशे चोपन्न पूर्णांक पाच.

संध्याकाळी ती आईपुढं बसली होती. मीनाबाई तिच्या डोक्याला तेल लावत होती. मध्येच तिची बोटं थांबली.

"टेंगूळ गेलं की गं," ती समाधानानं म्हणाली. "लई लवकर बरं झालं."

तेजश्री आईच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. आईला वाटलं, भरती हुकल्याचं रडतेय; टेंगूळ गेलं म्हणून हुकली, हे तिला कुठं ठाऊक?

ते मी बरं केलं होतं. तीन दिवस, सगळं बळ लावून, मोठ्या मायेनं. मला वाटलं, पोरीला लागलंय. तेजश्री, मला माफ कर, आणि पुन्हा मारून घेऊ नकोस. घेतलंस तरी मी बरंच करीन. मला दुसरं काही येत नाही.